तिऱ्हाईत बैल

आयर्लंडमध्ये साप नाहीत. हे ऐकल्याबरोबर, भातकापणीत पायाजवळून फुरसं गेलेल्या सकुबाईने तो देश पास करून टाकला.

कोरियात माणूस भेटला की 'भात खाल्ला का?' असं विचारायची जुनी रीत आहे.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आधी दात बघतात, मग चाल बघतात. मालकाचं बोलणं सगळ्यात शेवटी ऐकतात.

धाऊचे बैल कुणाचंच ऐकत नाहीत.

कोंडूमामाने जुळवलेलं एकही लग्न आजवर मोडलेलं नव्हतं.

हे सगळं एका सुपारीपाशी येऊन अडलं. साल दोन हजार पाच, म्हशाची जत्रा उठलेली, पौष सरलेला. मुरबाडच्या अलीकडच्या एका गावात नवसूच्या अंगणात दोन्हीकडची माणसं बसली होती. सुपारी कोंडूमामाच्या डाव्या हातात, दगड उजव्या हातात.

मामा म्हणजे बैलांचा दलाल. बैल जुळवता जुळवता माणसंही जुळवायला लागला. शहापूर-मुरबाडमधल्या निम्म्या घरांत त्याने जुळवलेली जोडपी भांडत होती. पण नांदत होती. आणि हे लग्न म्हणजे त्याच्या धंद्यातला कळस. नवसू आणि सकुबाईची रुपाली आयर्लंडमध्ये नर्स. गॉलवे नावाच्या गावातल्या म्हाताऱ्या पेशंटांची सेवा करता करता त्यांची आयरिश भाषा शिकलेली. शहापूरच्या लडकू आणि सरस्वतीचा आदेश कोरियात. वाशिंदच्या कारखान्यात कोरियन यंत्रं आली, ती शिकायला म्हणून गेला आणि तिकडच्यांनी त्याला ठेवूनच घेतला. "पृथ्वीची दोन टोकं आणून बांधली मी!" असं मामा चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगत होता. आदेशच फोनवर म्हणाला होता, "मामा, मुरबाडकडं पण बघा ना. म्हशाच्या आसपास." मामाला वाटलं, पोराला भूगोलाची आवड आहे.

"कुणाचं काय राहिलंय?" मामाने रीतीप्रमाणे विचारलं आणि दगड उचलला.

"एकच," नवसू म्हणाला. "पोरगी नांदणार कुठं?"

"सासरी!" लडकू म्हणाला.

"सासर शहापूरला. कोरिया काय तुमच्या शिवारात हाय?"

मामाने दगड खाली ठेवला.

"आदेशला तिकडं मान हाय," लडकू म्हणाला. "एवढी भाषा शिकला तो. राजानं सोता बसून अक्षरं काढलीत तिची. रयतेला लगेच यावी म्हणून."

"आमच्या आयरिशला राजा लागला नाय," सकुबाई म्हणाली. "इंग्रज एवढी वर्सं उरावर बसला, तरी गेली नाय ती."

"आमच्यावर तर जपानी बसला होता!"

'आमच्यावर' म्हणताना लडकूने छातीवर हात ठेवला. तो आजवर नाशिकच्या पलीकडे गेलेला नव्हता.

आता सरस्वतीने पदर खोचला. "कोरियात थोरामोठ्यांशी बोलायचं वेगळं नि बारक्यांशी वेगळं. आपल्या अहो-जाहोवानी. सुनेला वळण लागंल."

"आमच्यात रामराम घालताना 'देव तुझ्यासंगं' म्हणतात," सकुबाई म्हणाली. "आणि पुढचा त्याच्यावर 'देव नि मेरीमाता तुझ्यासंगं' म्हणतो. आपला एक, तर त्यांचा सव्वा!"

"आमच्यात आधी भात इचारतात. उपाशी माणसाला देव काय करायचाय?"

सुट्टी काढून आलेले आदेश आणि रुपाली ओटीच्या दोन टोकांना बसले होते. दोघांनी एकदमच माना खाली घातल्या. लाजतायत, मामाने मनात नोंद केली. चांगली चाल आहे.

"आणि आयरिशमधी कामाचा शब्द, चल, बस असला, पयला येतो," नवसू म्हणाला. स्थळ सांगून आल्यापासून तो रोज फोनवर लेकीकडून काहीतरी नवं काढून घ्यायचा. "कोरियनमधी शेवटाला येतो, मराठीसारखा. म्हंजे कोरियन बैलाला बोलणं सपेपर्यंत ताटकळत उभं राहायला लागत असंल."

बैल! इतका वेळ बुडत असलेल्या मामाचे पाय जमिनीला लागले.

"मंग जुंपूनच बघू," तो म्हणाला. "गाडीला बैल जोडायचे. चाबूक नाय, हात नाय, नुसती भाषा. जिच्यानं गाडी या बांधावरनं त्या बांधाला जाईल, ती भाषा जिंकली. संसार तिकडं."

हे कुणालाच चुकीचं वाटलं नाही, यात सगळं आलं.

पहिली फेरी नवसूच्या शेतात. आदेश "काजा!" म्हणाला, म्हणजे 'चल, जाऊ'. बैलांनी फक्त कान हलवले. मग रुपाली पलीकडच्या बांधावरून "तार अनशो!" म्हणाली, म्हणजे 'ये इकडे'. गाडी अशी सुटली की वाटेतली कपड्यांची दोरी, दोरीवर ठेवलेलं सरस्वतीच्या मानाचं नवं लुगडं, सगळं घेऊन पलीकडे पोचली.

"बघा! आयरिश!" नवसू नाचलाच.

"कसली आयरिश? बैल तिचेच!" सरस्वती लुगडं सोडवत ओरडली. "तिच्या हातचा पेंढा खाऊन वाढलेत. तिनं खोकलं तरी येतील!"

मुद्दा खरा होता. म्हणून दुसरी फेरी लडकूच्या शेतात, शहापूरला. तिथे रुपालीने हाक मारली तर बैलांनी शेपट्यासुद्धा हलवल्या नाहीत. आदेशने "काजा" म्हटलं आणि गाडी चहाच्या पातेल्यावरून गेली.

"कोरियन!" लडकू.

"बैल त्याचे!" सकुबाई.

आता तिऱ्हाईत बैल आणणं आलं. तिऱ्हाईत म्हणजे ज्यांनी दोघांपैकी कुणाच्याही हातचं खाल्लेलं नाही असे. मामाने तानसाकडच्या पाड्यावरच्या धाऊची जोडी ठरवली आणि दोन्ही तालुक्यांच्या मध्ये, किन्हवलीजवळचं रिकामं शेत निवडलं.

तोवर बातमी पसरली होती. सकाळीच भज्यांची गाडी लागली. माइकवाला आला. वाशिंदहून कुणी "उमेदवार कोण कोण?" असं विचारत आलं. ज्यांनी दोन्ही भाषा कधी ऐकल्या नव्हत्या ते एकमेकांच्या अंगावर जात होते. "कोरियनला धार हाय!" "आयरिशला गोडी हाय गो बाय!"

धाऊने गाडी बांधाला लावली. "मामा, भाषेचं काय नाय," तो हळूच म्हणाला. "ते माझं पण ऐकत नाय."

"आता सांगतोस?"

"तुमी इचारलं नाय."

"काजा!" आदेश ओरडला. डाव्या बैलाने आदेशकडे बघितलं. "तार अनशो!" रुपालीने हाक दिली. उजव्याने तिकडे बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि जुवासकट खाली बसले.

कुणीतरी हसलं. नवसूने चपला घातल्या. "बास झालं. पोरीचा तमाशा नाय करायचा मला."

"आमी कुठं हौशीनं आलोय?" लडकूने टोपी झटकली. "उठ गो सरस्वती."

आज हे मोडलं, तर पुढच्या जत्रेत कोंडूमामाच्या शब्दावर कुणी वासरूदेखील घेणार नव्हतं. खिशातली सुपारी त्याने मुठीत घट्ट धरली. तेवढंच त्याच्या हातात होतं.

तेवढ्यात आदेश बांधावरून बैलांकडे धावत आला, त्यांना उठवायला दोन्ही हात वर करून जीव तोडून ओरडला, "तार अनशो! तार अनशो!" आणि पलीकडून रुपाली, पदर सावरत, "काजा! काजा!"

माइकवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरं," नवसू म्हणाला, "ह्यो तर आमचा शब्द!"

"आणि तो आमचा!" लडकू म्हणाला.

रुपाली धापा टाकत मध्ये आली. "वरीस झालं, बाबा. मी त्याला शिकवते, तो मला शिकवतो. पयले गॉलवेला राहायचं, मंग कोरियाला, मंग बघू. आमचं दिवाळीलाच ठरलंय."

"मंग सांगितलं का नाय गो?"

रुपालीने आदेशकडे बघितलं.

"सांगणारच होतो," आदेश म्हणाला. "पण तुमी सगळे आमच्या भाषांचं एवढं कौतुक करत होता... लग्नाचं निघेपर्यंत तिकडं आमी काय शिकलो ते कुणी इचारलं पण नव्हतं. मधेच थांबवायला जिवावर आलं."

लडकूने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. सकुबाई उगाच पदर नीट करत राहिली.

मामाने तिथेच, गाडीच्या चाकावर सुपारी फोडली. बैल तरीही उठले नाहीत. दोघांना संध्याकाळपर्यंत तिथेच चारा घालावा लागला.

त्यानंतर शहापूरच्या बाजारात लडकू भेटेल त्याला अडवायचा. "आमची सून कोरियन बोलते, पण त्याचं काय एवढं नाय. पोरगा आयरिश शिकला! इंग्रजाला पुरून उरलेली भाषा हाय ती!" आणि मुरबाडला पाणी भरताना सकुबाई सांगायची, "जावयाचं काय, पुरुषमाणूस. आमची रुपाली बघा. राजानं केलेली अक्षरं गिरवते!"

आणि टपरीवर कोंडूमामा बशीत चहा ओतत म्हणायचा, "दोन्ही टोकं मीच आणून बांधली."

आदेश आणि रुपाली पहिल्यांदा भेटले ते परदेशी जायच्या आधी, म्हशाच्या जत्रेत. कोंडूमामा तेव्हा शेजारीच एका खोंडाचे दात बघत होता.