आबांचं जॅकेट आणि डेपोचं तळं

"तेजल, त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू दे गं," असं माझ्या सासूबाई मला दिवाळीपासून सांगत होत्या. मी ऐकलं नाही. का ऐकायचं? मी बी.कॉम. फर्स्ट क्लास, चार वर्षांच्या मुलीची आई, आणि समोरच्याच्या मनातलं ओळखण्यात अंबरनाथ पश्चिमेला माझा हात धरणारं कोणी नाही! आमची गोदू नुसतं "मम्मा, म..." म्हणाली की माझ्या हातात सोललेलं मोसंबं तयार असतं. मग सासऱ्यांचं वाक्य पुरं करणं म्हणजे काय मोठंसं?

सासरे म्हणजे आबा. दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण शब्द शेअर रिक्षासारखे झाले. सगळे जमल्याशिवाय निघायचेच नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना बोलतं ठेवा, नाहीतर हळूहळू बोलायची इच्छाच मरते. मी घाबरले. त्यांना त्रास नको म्हणून त्यांचं निम्मं बोलणं मीच बोलू लागले. आबा वाक्यावरून शब्दावर आले, शब्दावरून मानेवर आले, आणि होळीपर्यंत तर नुसते बघायला लागले. मी म्हटलं, बघा, किती आराम मिळतोय त्यांना!

त्यांचा शेवटचा शब्द होता "ग..."

"गरम पाणी," मी म्हणाले आणि आणून दिलं. पुन्हा "ग...", पुन्हा गरम पाणी. त्या महिन्यात आबा इतकं गरम पाणी प्यायले की त्यांच्यात चहापत्ती टाकली असती तर अख्ख्या सोसायटीला चहा पुरला असता.

एके दिवशी ते स्टुलावर चढले (चढले! मी किंचाळले ते वेगळंच), माळ्यावरून बांबूची लांब काठी ओढून काढली आणि दाराला टेकवून ठेवली. काठीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला गळ.

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घे. हे तुझं गरम पाणी."

तर प्रकरण असं होतं. बदलापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला लष्कराचा एक डेपो आहे. नाव सांगत नाही, सांगू नये असं तिथल्या भिंतीवरच लिहिलंय. आत एक तळं आहे. आबा लहानपणी त्या तळ्यावर मासे धरत मोठे झाले, मग तळ्याभोवती तारेचं कुंपण पडलं, आणि आबांना नोकरी लागली ती कुंपणाच्या आत, सुतारखात्यात. रिटायर झालेल्यांना उन्हाळ्यात रविवारी तिथं गळ टाकायचा पास मिळतो. झटका येईपर्यंत आबा दर उन्हाळ्यात जायचे. मासा कमी आणायचे, गोष्टी जास्त आणायचे, असं सासूबाई सांगतात.

माझी ट्यूब पेटली. आबा बोलतील तर त्या तळ्यावरच बोलतील! मी त्याच क्षणी जाहीर केलं की ही ट्रिप मी प्लॅन करणार, आणि अशी करणार की चुकायला जागाच राहणार नाही. पासवर एक सोबती चालतो. सोबती मी.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना एकट्याला सोड. तळं काय पळून जातंय?"

तळं पळून जात नाही, पण माणूस तळ्यात जातो ना! मला आठवडाभर एकच चित्र दिसत होतं. गळाला मासा लागलाय, मासा ओढतोय, आबांचा डावा पाय लटपटतोय, आणि ते तोंड उघडून "वा..." एवढंच म्हणतायत. "वाचवा" पुरं होईपर्यंत काय शिल्लक राहणार? नवऱ्याला, म्हणजे सुजितला सांगितलं, तर तो म्हणाला टेन्शन घेऊ नकोस आणि झोपला. असल्या झोपेचा मला फार राग येतो.

मी लाइफ जॅकेट घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन मिळत होती ती एकतर लहान मुलांची, नाहीतर जहाजावरची. म्हणून गाठला उल्हासनगर कॅम्प दोनचा बाजार. तिथं जगातली कुठलीही गोष्ट मिळते, आणि नसेल तर शिवून मिळते. बॅगा आणि गाड्यांची कव्हरं शिवणारे हरेशभाई आमच्या ओळखीचे. गोदूचं दप्तर त्यांनीच केलंय, ते अजून पुराला पुरून उरेल असं आहे.

"रेडीमेड कशाला, ताई? बनवून देतो. ओरिजनलपेक्षा ओरिजनल," ते म्हणाले. मग माप लिहिता लिहिता सहज विचारलं, "पहनके जाना किधर है?"

"मिलिटरी एरियात," मी म्हणाले. जरा ऐटीतच म्हणाले.

"मग तर फर्स्ट क्लास माल लावतो."

शनिवारी जॅकेट तयार. मी काय तपासलं नाही म्हणता? शिवण ओढून पाहिली. बक्कल वीसदा लावून काढलं. बाथरूममध्ये पिंपात बुडवलं, तर टुणकन वर आलं. पुढून मागून सहा जाड कप्पे, आत ठोकळे भरलेले. गोदूची शिट्टी मी गळ्यापाशी टाचली. आणि शेवटचा मास्टरस्ट्रोक म्हणजे गोदूच्या दप्तरातला तो बटणाएवढा ट्रॅकर आतल्या खिशात शिवून टाकला. माझ्या फोनपासून लांब गेला की वाजतो. गोदू बागेत लांब पळाली की वाजतो, तसाच आबा पाण्यात गेले की वाजेल. रंग मात्र मी तपासला नाही. हिरवा होता, त्यावर तपकिरी काळे डाग होते. मातीत मळलं तरी दिसणार नाही, एवढाच विचार मी केला.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेटवर पोचलो. आबांना आधी जॅकेट दाखवलंच नव्हतं, सरप्राइज होतं ना! रिक्षातून उतरल्या उतरल्या मी त्यांचे हात जॅकेटच्या दोन भोकांतून घातले आणि बक्कल लावायला घेतलं.

आबांनी छातीकडे पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले. महिन्याभरात पहिल्यांदा ओठ हलले. "हे... हे न..."

"नवीन आहे, हो!" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबा बोलत होते!

"न... नाय..."

"नाही, अजिबात जड नाहीये. हलकं आहे ना?"

आबांनी गेटशेजारच्या पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं हो आबा, तोच तुमचा डेपो, आलो आपण. आणि त्यांचा हात धरून निघाले.

पहिल्या खिडकीवर पास दाखवला. तिथं फोन जमा करायचा असतो. मी आज्ञाधारकपणे फोन जमा केला, टोकन पर्समध्ये ठेवलं आणि आबांना घेऊन आतल्या गेटकडे चालू लागले.

आम्ही फोनपासून लांब गेलो. आणि आबा वाजायला लागले.

टीं टीं टीं टीं.

आता तुम्ही पहाऱ्यावरच्या त्या जवानाच्या जागी उभे राहून पाहा. समोरून एक म्हातारा येतोय. अंगात फौजेच्या कापडाचं जाकीट, जे बाहेरच्या माणसाने घालायचं नाही असं त्याच पाटीवर ठळक लिहिलेलं. छातीवर चौकोनी ठोकळे. हातात लांब काठी, काठीला तारेसारखं काहीतरी. आणि तो वाजतोय.

जवान काय ओरडला ते मला कळलं नाही, पण काय करायचं ते कळलं. मी नव्या कुर्त्यासकट मातीत आडवी झाले. आणखी दोघं धावत आले. आबांना असं झटकन आडवं होता येत नाही, त्यांचा डावा गुडघा नीट वाकत नाही. ते बिचारे हात वर करून मधोमध उभे राहिले, काठी आकाशाकडे, टीं टीं करत.

"नाम क्या है?" जवानाने आबांना विचारलं.

"महिपती!" मी जमिनीवरून सांगितलं.

"ये क्या पहना है?"

"सेफ्टी है! मैंने सिलवाया है! डूब जाते हैं!"

"कौन डूब जाते हैं?"

"अभी तक नहीं डूबे!"

हे असंच चाललं होतं. तेवढ्यात आतून सुभेदारसाहेब आले. साताऱ्याकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी शांतपणे एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी उठून बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. डॉक्टर, झटका, गरम पाणी, हरेशभाई.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही जरा थांबा. त्यांना बोलू द्या."

"त्यांना बोलता येत नाही हो," मी म्हणाले.

"मग आपण थांबू."

सगळे थांबले. जवान थांबले. मी दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून धरलं, कारण नुसत्या ओठांवर माझा भरवसा नव्हता. आबांचा जबडा हलत होता, शब्द गोळा होत होते. "स..." म्हणाले. सरबत? सतरंजी? सॉरी? माझ्या जिभेवर वाक्यांची रांग लागली. मी गिळली.

"सून हाय माजी," आबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "घाबरते." पुन्हा थांबले. सुभेदार तसेच उभे. आणि मग आबांनी काठी खाली टेकली, आणि एका दमात म्हणाले, "तल्यात पानी गुडघ्याएवरंच हाय."

गुडघ्याएवढं!

सुभेदारांनी मान हलवली. उन्हाळ्यात तेवढंच असतं म्हणाले. मग त्यांनी जॅकेट उतरवून घेतलं, आतल्या खिशातला ट्रॅकर काढून बंद केला आणि एक कप्पा उसवला. आतून निघाला वॉशिंग मशीनच्या खोक्यातला थर्मोकोल. त्यावर काचेच्या पेल्याचं चित्र आणि खाली शिक्का होता, नाजूक वस्तू, सांभाळून हाताळा. तो पाहून पहाऱ्यावरचा जवान पहिल्यांदा हसला. जॅकेट जप्त झालं. मीही जवळजवळ जप्त झाले, म्हणजे गेटबाहेरच्या बाकावर बसा असं मला सांगण्यात आलं. सोबती चालतो, पण सोबती असलाच पाहिजे असा नियम नाही, असं सुभेदार म्हणाले. आबा काठी खांद्यावर टाकून आत गेले. एकटे. डावा पाय जरा ओढत, पण मागे वळून न बघता.

मी बाकावर बसून नखं संपवली.

उन्हं चढल्यावर आबा रिकाम्या हाताने परत आले. रिक्षात बसले आणि म्हणाले, "मरळ..."

मरळ म्हणजे इथला सगळ्यात ताकदवान मासा, एवढं मला ठाऊक. मिळाली? दिसली? मेली? मी ओढणीचं टोक दातात धरलं. पुढच्या नाक्यावर "गळाला" आलं. स्टेशनजवळ "लागली" आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातांनी लांबी दाखवून झाली. ती रिक्षाच्या रुंदीत मावत नव्हती. जिना चढलो, दार उघडलं, सासूबाई समोर उभ्या, आणि आबा म्हणाले, "...सुटली."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. आबा पण हसले. ओढणीला भोक पडलं होतं, पण ते मी नंतर पाहिलं.

आता आबा दर रविवारी जातात. गोष्टी आणतात, अर्ध्या दिवसाची गोष्ट सांगायला त्यांना दोन दिवस लागतात, आणि गोदू मध्ये एक अक्षर न बोलता ऐकते. ती कोणावर गेलीय कोण जाणे. मला मात्र सोबतीला नेत नाहीत. गेटवर माझा चेहरा चांगलाच लक्षात आहे म्हणे. फोन आत चालत नाही, त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत मला काही कळत नाही.

म्हणून एक काम सांगते. तुमच्यापैकी कोणाकडे त्या डेपोचा पास असेल, तर रविवारी तळ्याच्या काठावर एक नजर टाका. बांबूची काठी आणि पांढरी टोपी, ते आमचे आबा. टोपी डोक्यावर आहे ना ते बघा. काही म्हणाले तर थांबा, वाक्य पुरं करू नका, शब्द येतो.

आणि जमलं तर पाणीही बघून घ्या. गुडघ्याएवढं म्हणाले खरे, पण कोणाच्या गुडघ्याएवढं, ते विचारायचं माझं राहूनच गेलं.