मुगाच्या दाण्याएवढं मलम

रणपिसे सिस्टर समोरच्याचा चेहरा नंतर बघतात, आधी नखं बघतात. कात्रपच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी मी जिन्यात त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी माझे जोडलेले हात धरून उजेडाकडे वळवले आणि म्हणाल्या, "वाढलीत. आजच काप." मग विचारलं, "नाव काय तुझं?"

सिस्टर तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्या. एका सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये आयुष्य गेलं त्यांचं. रिटायर झाल्या, पण ड्रेसिंग रूम काही सुटली नाही. भाजीवाल्याचं कापलेलं बोट, वॉचमनची भेगाळलेली टाच, काही दिसलं की पाऊल थबकतं. "झाकू नको, बघू दे." एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून सेक्रेटरी तावातावाने बोलत होते. सिस्टरनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, मुद्दा मांडणार. त्या म्हणाल्या, "तुमच्या मानेवर ते काय उठलंय?" मीटिंग तिथेच संपली.

मी मात्र हसून सोडून द्यायचो. माझी वेळ यायची होती.

माझ्या भाचीचा साखरपुडा अंबरनाथला ठरला होता आणि पंधरा दिवसांवर आला होता. मी एकुलता एक मामा. म्हणून आतापासूनच नीट दाढी करून घ्यायला बेलवलीतल्या सलूनमध्ये गेलो. दोन दिवसांनी हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या. त्या फुटल्या आणि वर मध वाळल्यासारखी पिवळी खपली धरली. ऑफिसमध्ये आमच्या शेजारच्या टेबलावर गुरनानी बसतो, उल्हासनगरचा. जिवाला जीव देणारा माणूस. त्याने बॅगेतून एक चेपलेली ट्यूब काढली. "साईं, एक नंबर क्रीम है. खाज, खुजली, फोड, सगळ्यावर चालते. आमच्या घरात सगळे लावतात."

मी लावली. भरपूर लावली. दोन दिवस लाली कमी वाटली. तिसऱ्या दिवशी खपली ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोचली.

जिना उतरत होतो, तर वरून आवाज आला, "हात लावू नको!" माझा हात हनुवटीवर होता. सिस्टर कठड्यावरून वाकून बघत होत्या.

त्यांनी ट्यूब मागवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं डोळ्याजवळ धरून वाचली.

"यात स्टेरॉइड आहे. वरची लाली दबते आणि आत जंतूंची चैन होते. कोणी लिहून दिली?"

"मित्राने."

"डॉक्टर आहे?"

"डिस्पॅचमध्ये आहे."

सिस्टरनी ट्यूब जप्त केली आणि मला तशीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक मलम लिहून दिलं. दिवसातून तीनदा, पाच दिवस. पसरलं किंवा ताप आला तर लगेच या म्हणाले. मी सुटलो असं मला वाटलं.

संध्याकाळी बेल वाजली. सिस्टर. "लाव बघू माझ्यासमोर."

मी ट्यूब उघडली. "थांब! हात धुतलेस?" साबणाने हात धुऊन आलो. "खपली कोमट पाण्याने भिजव. ओढू नको, आपणहून सुटू दे. आता टिपून घे. पुसू नको, टिप." मग मी बोटावर मलम घेतलं आणि त्या जवळजवळ किंचाळल्या, "भिंत आहे का थापायला? मूग! मुगाच्या दाण्याएवढं!" माझी बायको वैशाली मुगाएवढं म्हणजे नक्की किती, असं काहीतरी विचारू लागली, तर सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या, बरणीतून एक मूग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही, लावून झालं की पुन्हा हात धुवायचे, टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदलायचा. माझ्या टॉवेलला त्यांनी लाल दोरा बांधला. गॅलरीत तो फडकायला लागला आणि बिल्डिंगभर चौकशी सुरू झाली.

गुरनानीलाही उत्सुकता होती. त्याने फोनवर विचारलं, "साईं, नवीन ट्यूब उरली तर सासूबाईंच्या पायाला देशील?" सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. फोन त्यांच्या हातात कधी गेला कळलंच नाही. "ट्यूब काय प्रसाद आहे वाटायला? त्यांना काय झालंय ते माहीत आहे? शुगर आहे का?" पलीकडून गुरनानी काहीतरी पुटपुटला. "आहे? मग आज डॉक्टरकडे न्या. उद्या नाही, आज." गुरनानीने खरंच नेलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो सिस्टरना 'मोठ्या मॅडम' म्हणतो.

तिसऱ्या दिवशी माझी हनुवटी स्वच्छ झाली आणि मी मलम बंद केलं. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर दारात. वैशालीने चुगली केली होती.

"बरं वाटतंय आता," मी म्हणालो.

"तुला वाटतंय. जंतूंना विचारलंस? अर्धवट सोडलेले जंतू शहाणे होऊन परत येतात. पाच म्हणजे पाच. सहावासुद्धा नको."

पाच दिवस पूर्ण केले. साखरपुड्याच्या फोटोत मामाची हनुवटी सगळ्यात जास्त चमकतेय.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी वैशालीच्या लक्षात आलं की सिस्टर आठवडाभर खाली आल्याच नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं वर गेलो. सिस्टरनी दार उघडलं. खुर्चीवर बसल्या, पण पाठ न टेकता, ताठ.

"मावशी, पाठीला काय झालंय?" वैशालीने विचारलं.

"कुठं काय."

टेबलावर मलमाची ट्यूब होती. शेजारी स्टीलचं उलथनं, स्वच्छ धुतलेलं, पांढऱ्या कपड्यावर ठेवलेलं.

"हे इथे कशाला?"

सिस्टरनी उलथनं कपड्याने झाकलं. मग म्हणाल्या, "खांद्याच्या मागे गळू झालंय. डॉक्टरने कापून मलम दिलंय, तीनदा लावायला. हात पोचत नाही. म्हणून ते उकळून घेते आणि त्याच्यावर मलम घेऊन लावते. लागतं कुठं, देव जाणे."

"मला हाक मारायची ना!"

"लोकांच्या इतक्या जखमा बांधल्या गं. आपली पाठ बघायला माणूस लागतं, हे मिस्टर गेल्यावर कळलं." त्या हसल्या. "मुलगी पुण्याला. एवढ्याशासाठी तिला काय बोलवायचं?"

मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत नळ सोडल्याचा आवाज आला, साबणाची डबी वाजली. वैशाली हात धूत होती. मग काहीच ऐकू येईना. सिस्टर सूचना देत नव्हत्या, ओरडत नव्हत्या.

"झालं, मावशी," वैशाली म्हणाली.

"झालं?" सिस्टरांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "तुझा डावा हात आहे ना खांद्यावर, तो राहू दे जरा वेळ."

वैशालीने तो काढला नाही. मी गॅलरीतच थांबलो.