जाड आट्यांचा स्क्रू

"स्क्रू कसा पाहिजे? जाडजूड! तो दिसताच वस्तूने म्हणावं, बाबा रे, मी आता कुठे जात नाही!"

हे तत्त्वज्ञान जावईबापूंचं. आणि त्याला पुरावाही होता! आपल्या स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या हातांनी एक फळी बसवली होती. भरल्या बरण्या अंगावर घेऊन ती चार वर्षं तसूभरही हलली नव्हती. घरी पाहुणा आला की त्याला पाण्याआधी फळी दाखवली जायची.

त्यामुळे मेहुणीच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला आणि दुकानदाराने नवा बसवून द्यायला तीन दिवस मागितले, तेव्हा जावईबापूंनी फोनवरच छाती ठोकली. "मी असताना दुकानदार कशाला? तासाभराचं काम!"

तीन दिवस थांबण्याची सोयच नव्हती. मेहुणी इमारतींचे आराखडे काढते. दोन वर्षं अर्ज करकरून शेवटी एका चांगल्या ऑफिसने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. दुसऱ्याच दिवशी पाच वाजता, याच कॉम्प्युटरवरून, समोरच्यांच्या डोळ्यांदेखत आराखडा बदलून दाखवायचा होता. तिचं सगळं काम त्याच्याच डिस्कवर. हे काही फोनवर उरकण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जावईबापू रजा टाकून दुपारीच सासरी हजर झाले. बायको ऑफिसात होती. काखेत नवा मदरबोर्ड, हातात कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट आणि खिशात नवाकोरा स्क्रूड्रायव्हर!

आता कॅबिनेटसोबत स्क्रूंची एक पुडी येते आणि तिच्यात दोन जातीचे स्क्रू असतात. काही जाड आट्यांचे, काही बारीक आट्यांचे. कॅबिनेटच्या आत छोट्या पितळी खुंट्या असतात. मदरबोर्ड त्यांच्यावर ठेवायचा आणि वरून स्क्रू पिळायचे. कुठले? जावईबापूंनी सगळे एका वाटीत ओतले आणि बारीक आट्यांचे बोटाने बाजूला सारले.

"हे बहुतेक जास्तीचे दिलेले दिसतात!"

पहिला जाड स्क्रू एक वेढा फिरला आणि अडला. जावईबापूंनी दातओठ खाऊन जोर लावला. शेजारी खुर्चीत बसलेले सासरे खाकरले.

"जावईबापू, जरा जड जातोय का?"

"जड जातोय म्हणजेच बसतोय, बाबा!"

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग त्या एकदम म्हणाल्या, "चहा झालाय. बाहेर या ना, गरम आहे तोवर."

जावईबापू सगळे स्क्रू एकेक वेढा अडकवून चहाला गेले. सासूबाईंनी त्यांना बिस्किटं दिली, मग आणखी बिस्किटं दिली, मग त्यांच्या साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. परत येऊन बघतात तो काय! मदरबोर्डवर सगळे बारीक स्क्रू! तेही अगदी मन लावून बसवलेले!

जावईबापूंना घाम फुटला. गप्पांच्या नादात आपणच चुकीचे लावले की काय? बरं झालं कुणी बघितलं नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी गुपचूप ते काढले आणि पुन्हा जाड अडकवायला घेतले. जेमतेम अडकवून होतात तोच सासूबाई दारात उभ्या.

"जावईबापू, गच्चीवरच्या टाकीचं झाकण जरा बघता का? तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

टाकीचं झाकण ठणठणीत होतं. जावईबापूंनी ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि खाली आले. पुन्हा बारीक स्क्रू!

चाळिशीतच स्मरणशक्ती गेली म्हणायची! बायकोला काय सांगायचं? त्या भीतीच्या भरात त्यांनी स्क्रू काढले, एक जाड उचलला आणि सगळा देह स्क्रूड्रायव्हरवर टाकला. कर्र! स्क्रू अर्ध्यात रुतला. पुढे जाईना, मागे येईना. उलटा फिरवावा तर खालची खुंटीच त्याच्याबरोबर गरगर फिरायला लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

घड्याळात चार वाजून गेले होते. इस्त्रीचे कपडे घालून, केस बांधून मेहुणी आत आली.

"झालं का, भाऊजी?"

"झालंच!" जावईबापू उठले. "आई, चहा आहे का हो थोडा?"

चहा मागायची त्यांची ही पहिलीच वेळ. पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचल्यावर चष्मा राहिल्याचं लक्षात आलं आणि ते वळले. बघतात तर सासरे कॅबिनेटमध्ये डोकं खुपसून बसलेले! एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या मुठीत बारीक स्क्रू.

"मी... जरा धूळ पुसत होतो," सासरे म्हणाले.

"जावईबापू, बिस्किट!" मागून सासूबाई धावल्या.

"पुरे!" मेहुणी ओरडलीच. "भाऊजी, तुम्ही उठलात की बाबा स्क्रू बदलतात! तुम्ही आलात की पुन्हा तुम्ही बदलता! दुपारपासून हेच चाललंय! माझी मुलाखत आहे हो!"

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पडला मात्र सासऱ्यांच्या मुठीतला स्क्रू.

"मग मला सांगितलं का नाही, बाबा?"

"कसं सांगणार?" सासरे मान खाली घालून म्हणाले. "हिच्यासाठी रजा टाकून आलात तुम्ही. आमच्या पोरीसाठी एवढा घाम गाळणाऱ्या माणसाला चुकताय म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"आणि तुम्हाला कसं कळलं, बारीकच हवेत ते?"

"मला कुठलं कळतंय? तुमच्या सासूबाई चहाला जाताना कानात म्हणाल्या, भलत्याच बरणीचं झाकण लावल्यासारखा जोर कशाला? बरणीला तिचं स्वतःचं झाकण असलं की दोन बोटांनी फिरतं. मी बारीक स्क्रू फिरवून बघितला. फिरला."

जावईबापूंना आधी धरणी दुभंगावी असं वाटलं. मग एकदम भरून आलं. पोरीची नोकरी टांगणीला लागलेली, आणि या दोघांनी दुपारभर जावयाचा शब्द खाली पडू दिला नव्हता! असं सासर नशिबाने मिळतं.

"बाबा," ते गुडघ्यांवर बसत म्हणाले, "पक्कड आहे का घरात?"

फिरणारी खुंटी रुतलेल्या स्क्रूसकट बाहेर आली. सासऱ्यांनी ती पकडीत धरली, जावईबापूंनी स्क्रू उलटा पिळला, आणि एकदाची दोघांची फारकत झाली. त्या खुंटीचे आटे कामातून गेले होते, पण एक जागा रिकामी राहिल्याने मदरबोर्डचं काही अडत नव्हतं. मग सासऱ्यांनी एकेक स्क्रू द्यायचा, जावईबापूंनी दोन बोटांनी फिरवायचा. स्क्रूड्रायव्हर शेवटी नुसता टेकवण्यापुरता. वायरी जोडल्या, बटण दाबलं, पंखा घुमला, पडदा उजळला, आणि मेहुणीने पाचाच्या ठोक्याला दार लावून घेतलं.

बाहेर तिघेही श्वास रोखून बसले. कितीतरी वेळाने दार उघडलं.

"घेतलं मला! पहिल्या तारखेपासून!" मेहुणीला हसू आवरेना आणि रडूही. "भाऊजी, तुम्ही आला नसतात तर दुकानदाराने माझं वाटोळंच केलं असतं!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि जावईबापूंना बिस्किट दिलं. या वेळी त्यांनी ते कृतज्ञतेने खाल्लं.

घरी येऊन त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. टाकीच्या झाकणापर्यंत ती पोट धरधरून हसली. बरणीच्या झाकणाला मात्र तिची नजर हळूच फळीकडे गेली.

"तूसुद्धा?" जावईबापू उभेच राहिले.

"तू अंघोळीला गेला होतास ना तेव्हा..." ती पुटपुटली. "आमच्या घरची पद्धतच आहे ती."

"फक्त फळी?"

"बाकीचं विचारू नकोस."

जावईबापूंनी घरभर नजर फिरवली. पडद्याचा दांडा, दाराची कडी, भिंतीवरचा आरसा. सगळं कसं जागच्या जागी होतं! कुणाच्या कृपेने, ते आत्ता कळत होतं. बायकोकडे बघताना त्यांचे डोळे पाणावले.

"आणि सकाळी मी न्हाणीघरात टॉवेलचा हूक बसवला, तो?"

"त्याला अजून वेळच मिळाला नाही रे."

जावईबापूंनी चपला पायात सरकवल्या. "मी जरा फेरफटका मारून येतो."

"किती वेळात येशील?"

"तुला किती वेळ लागेल?"