ह्याला मामा न्हाई का?

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता महादूअण्णा नाहीत आणि माझीही पंचाहत्तरी उलटली, म्हणून सांगतो.

तासगावातल्या आमच्या वाचक मंडळाची बैठक अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये भरायची. कुणीतरी कथा वाचायची, बाकीच्यांनी बेदाणे खात चर्चा करायची, आणि अण्णांनी सोयरीक जुळवायला बसल्यासारखी पात्रांची चौकशी करायची. "ह्याचं गाव कंचं? पाव्हणं कोण?" पात्र वाईट निघालं की प्रश्न ठरलेला, "ह्याला मामा न्हाई का?" मामानं वेळेवर कान पिळला तर जगात कुणी बिघडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एका कथेतल्या खुन्याला तर त्यांनी पाटणचा स्वतःचा मामा देऊ केला होता. "लय कडक माणूस हाय. आठ दिस पाठवा."

एकदा मी माझीच कथा वाचली. तिचा नायक बायकोचा गळा दाबतो आणि पुढं रोज तिचं ताट वाढून विचारतो, "मीठ बरोबर हाय का गं?"

रझाक टेलरच्या हातातले बेदाणे हातातच राहिले. "विकृत!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ह्याला वेड्यांच्या इस्पितळातच टाका."

ते ताट मी अण्णांच्या खिडकीतून पाहिलं होतं. गळा दाबणं माझ्या पदरचं.

अण्णा चौकशी सोडून बेदाण्यांच्या काड्या निवडत बसले. रझाकला राहवेना. "काय अण्णा, ह्याला मामा न्हाई का?"

"हाय की," अण्णा म्हणाले. "पर लांब ऱ्हातो. पाटणला."

सगळे खो खो हसले. मी सोडून.

निघताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. "गोष्ट झ्याक हाय सर. पर बायकूला त्यानं मारलं न्हाई. ती काविळीनं गेली. तेवढं बदला."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. "आवं या, या! जेवायलाच बसतोय." माझं काही ऐकायच्या आत त्यांनी तीन ताटं वाढली आणि रिकाम्या पाटाकडं वळून म्हणाले, "आगं, सर आल्यात. गोष्टी लिवत्यात."

माफी ओठांवर आली होती. पण दोघंही माझ्याकडंच बघतायत असं वाटलं.

मी घास गिळला आणि म्हणालो, "मीठ अगदी बरोबर आहे, वहिनी."