चिमणीचं रेडकू

ती बादली उचलताना ती कुणासाठी भरून ठेवलीय एवढं जरी प्रितमने विचारलं असतं, तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण विचारतो तो कलाकार कसला!

पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर मूठभर घरांची वाडी आहे, तिथला हा प्रितम. महाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला होता. गेल्या वर्षी एका संध्याकाळी शिफ्टच्या बसमधून उतरला आणि अंगणात उभं राहून त्याने जाहीर केलं, "आजपासून मी इंडिपेंडंट आर्टिस्ट!" त्याची आई येसूबाई. तिला वाटलं, पोराला बढती मिळाली. तिने लगेच देवापुढे नारळ फोडला.

त्याच नारळाच्या करवंटीचा प्रितमने लॅम्प केला. हा त्याचा पहिला प्रोजेक्ट. (लॅम्प लावल्यावर उजेड भरपूर पडला, कारण करवंटीच पेटली.) मग त्याने कौलांवर चित्रं रंगवली. चित्रं खरोखर देखणी होती, पण कौलं गोठ्यावरची काढलेली असल्यामुळे दुपारचं ऊन थेट म्हशीच्या पाठीवर येऊ लागलं. मग ऐनाच्या झाडाच्या सालीचा नैसर्गिक रंग काढून त्यात बायकोची साडी बुडवली. त्या प्रयोगाबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही.

हे सगळं तो 'प्रितम हँडमेड' या पेजवर टाकायचा. फॉलोअर म्हणजे वाडीतलीच, पण पोटापाण्याला मुंबईला गेलेली मंडळी. एवढ्या मेहनतीने टाकलेल्या कौलांच्या फोटोखाली कमेंट आली, "एक नंबर भावा! काकीला सांग, येनाऱ्या मानसासंगं आंबोशी धाड."

बायको सलोनी महाडची. पोलादपुरात मेडिकलच्या दुकानात काम करायची आणि घर तिच्या पगारावर चालायचं. ती कधी आवाज चढवत नसे. तिने फक्त एक केलं. प्रितमचा कंपनीचा जुना युनिफॉर्म धुतला, कडक इस्त्री केली आणि झोपताना नेमका समोर दिसेल अशा खिळ्याला अडकवला.

"अहो," ती गोड आवाजात म्हणाली, "शिमग्यापर्यंत तुमची एक जरी वस्तू विकली गेली, तर या युनिफॉर्मचं मी स्वतः पायपुसणं करीन. नाही गेली, तर त्यानंतरच्या सोमवारपासून पहिली शिफ्ट. सुपरवायझरशी बोलून ठेवलंय."

प्रितमला रात्री डोळा लागेना. युनिफॉर्म त्याच्याकडेच बघतोय असं वाटे.

आणि अचानक देव पावला. महाबळेश्वरच्या रस्त्याला नवा रिसॉर्ट काढलेल्या प्रियदर्शिनी मॅडमचा पेजवर मेसेज आला. रिसेप्शनसाठी त्यांना काहीतरी 'एकदम ऑथेंटिक' हवं होतं. रविवारी, म्हणजे सलोनीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्या स्वतः येणार होत्या. प्रितमने ठरवलं, पेंढ्याचं रेडकू करायचं. खऱ्याएवढं! कारवीच्या काठ्यांचा सांगाडा केला, रिठ्याच्या बियांचे डोळे केले. अडलं ते पेंढ्यापाशी. पेंढा इतका वाळलेला, की वळवायला गेलं की मोडायचा.

तेव्हा पडवीत त्याला ती बादली दिसली. कोमट, पिवळट पाण्याची. त्याने पेंढा आत बुडवला आणि चमत्कारच झाला. पेंढा बायकांच्या वेणीसारखा हवा तसा वळू लागला, वर चिकटूही लागला. "सीक्रेट फॉर्म्युला!" प्रितम एकटाच ओरडला. मग रेडकाच्या अंगावर घालायला त्याने गोठ्याच्या कोपऱ्यातलं घोंगडीचं जुनं धडपं आणलं, कारण त्याचं 'टेक्श्चर' फार छान होतं.

आता वाचकहो, या घरात एक म्हैस होती. तिचं नाव चिमणी. (नाव ठेवलं तेव्हा ती लहान होती.) महिन्याभरापूर्वी तिचं रेडकू गेलं आणि तेव्हापासून ती पान्हवेना. कासेला हात लावला की लाथ. येसूबाई बिचारी रोज गूळ-मिठाचं पाणी करून तिची मनधरणी करत होती. बादली त्याच पाण्याची. आणि ते घोंगडीचं धडपं? त्यावर तर ते रेडकू झोपायचं.

शनिवारी काम संपलं. मॅडम यायच्या आधी लाइव्ह जाऊन थोडी हवा करावी म्हणून प्रितम रेंज शोधू लागला. या वाडीत रेंज येते ती फक्त गोठ्याच्या दाराशी. त्याने रेडकू तिथे नेऊन ठेवलं आणि फोनकडे बघून हसला.

"नमस्कार मित्रांनो! आज मी माझा नवीन प्रयोग तुमच्याशी शेअर करतोय..."

मागून "ऑंऽऽ" असा आवाज आला. कमेंट आली, "भावा, मागं बघ."

"मागचं नंतर दाखवतो. आधी या कानाची फिनिशिंग बघा."

"भावा, कान गेला."

प्रितमने वळून पाहिलं. चिमणीने दावं ताणून मान बाहेर काढली होती, आणि ती त्याच्या कलाकृतीला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटत होती.

"सोड! सोड! आर्ट हाय ते!" तो रेडकू ओढायला धावला. (कलाकार घाबरला की शुद्ध भाषा पहिली पळते.)

आवाज ऐकून येसूबाई आली, आणि दारातच थबकली. चिमणीच्या सडांतून दूध गळत होतं.

"हात लावू नको मुडद्या!" ती ओरडली. "पान्हवली गो माजी बाय!"

चरवी घेऊन ती खाली बसली. धारा सुरू झाल्या. येसूबाई रडतही होती आणि हसतही होती. "माज्या सासऱ्यानं आशीच युक्ती केली व्हती. मेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गायीपुढं हुबं केलं व्हतं. तुला कुनी शिकवलं रे?"

"आई, हे मॉडर्न आर्ट आहे."

"आसंल बाबा. म्हशीला तर कळलं."

लाइव्हवर एवढी बदामं आजवर कधी पडली नव्हती. सगळी चिमणीला होती.

रविवारी मॅडम आल्या. एका कानाचं रेडकू बघून त्या जागीच खिळल्या. "वॉव! किती इमोशनल पीस आहे! मी आत्ताच घेऊन जाते."

प्रितमला आभाळ ठेंगणं झालं. त्याने रेडकू खांद्यावर घेतलं आणि गाडीकडे निघाला. पाच पावलं गेला नसेल, तोच मागे दावं तुटल्याचा आवाज झाला. चिमणी निघाली! पुढे प्रितम, त्यामागे चिमणी, चिमणीमागे "हो हो, माजे बाय" करत येसूबाई. मॅडम सँडल तिथेच सोडून अंगणाच्या दगडी गडग्यावर चढल्या.

शेवटी येसूबाईने लेकालाच अडवलं. "रेडकू नाय जायाचं."

"आई, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"आनि तिच्या?"

प्रितमने वळून पाहिलं. चिमणीने त्याला धडक दिली नव्हती. ती नुसती त्याच्या खांद्यावरच्या पेंढ्याच्या नाकाला नाक लावून उभी होती. वर्षभर त्याने एवढं काही बनवलं, पण त्याच्या हातच्या वस्तूवर इतका जीव कुणी लावला नव्हता. खिळ्यावरचा युनिफॉर्म त्याला आठवला. सोमवारची बस आठवली. तरी त्याने रेडकू खाली ठेवलं.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला, "हा पीस सोल्ड आहे."

"कुणाला?"

प्रितमने म्हशीकडे बोट दाखवलं.

मॅडमना गडग्यावरून उतरवून सलोनीने चहा दिला. निदान रागावून तरी जाऊ नयेत, एवढाच हेतू. मॅडमनी एक घोट घेतला आणि कपात डोकावून पाहिलं. मग दुसरा कप मागितला. मग विचारलं, "हे दूध कुठलं?"

सलोनी मेडिकलमध्ये बसणारी बाई. गिऱ्हाईक कधी घ्यायला तयार झालंय ते तिला बरोबर कळतं. मॅडम गाडीत बसेपर्यंत रिसॉर्टला रोजच्या दुधाचा रतीब ठरला होता.

"दूध म्हणजे काही तुमची कला नव्हे," रात्री ती म्हणाली.

"पण रेडकू हँडमेड आहे ना!" प्रितमने जीव तोडून युक्तिवाद केला.

सलोनी न्यायाची. तिने निम्मा शब्द पाळला. पँटचं पायपुसणं केलं आणि शर्ट दूध घालायला जाताना घालण्यासाठी ठेवला.

आता प्रितमची कला जोरात आहे. चिमणी रेडकाला चाटता चाटता थोडं थोडं खातेही, त्यामुळे त्याला सारखं नवीन करावं लागतं. आणि पहाटे, पहिल्या शिफ्टच्या बसच्याही आधी, तो कॅन घेऊन डोंगर उतरतो.

पहिल्या दिवशी रिसॉर्टच्या गेटवर वॉचमनने हटकलं. "कोन रे तू?"

प्रितमने छाती पुढे काढली. "मी आर्टिस्ट आहे. मॅडम ओळखतात मला."

"आर्टिस्ट? म्हंजे कलाकार?"

"हो. कलाकार."

"मग तर बघायलाच पायजे," वॉचमन म्हणाला, आणि कॅनचं झाकण काढून त्याने दुधाचा एक थेंब नखावर घेतला, पाणी घातलंय का ते बघायला.