कावळा नंबर सत्तेचाळीस

पितृपक्षात रामदास परबांनी लालबागच्या चाळीच्या गच्चीवर वडिलांचा घास ठेवला, हात जोडले आणि कावळा आला तसे ते भडकले. कावळ्याच्या पायात निळं कडं होतं, त्यावर ठळक आकडा : ४७.

“अनुजा, काय आहे हे?”

कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी खुशीत म्हणाली, “पप्पा, हा आमचाच. परवा पक्षिनिरीक्षणाच्या शिबिरात मीच कडं घातलं. पक्षी कुठे फिरतो, किती जगतो, सगळं कळतं त्यावरून.”

“बाबांनी पस्तीस वर्षं गिरणीत बिल्ला लावला. आता वर गेल्यावरही नंबर?”

“तो यंदाच्या मे महिन्यातलाय. तोंड आतून अजून गुलाबी आहे. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली.”

“मग अकरा वर्षं रांगेत असतील. मुंबईत कशाला रांग नाही?”

ते तडक परळला, शिबिर घेणाऱ्या हर्षवर्धनकडे गेले. “कडं काढा.”

“काका, त्याला आधी पकडायला हवा. कुठे, कधी दिसतो ते कळवा, मग जाळं लावू.”

रामदासांनी जिन्यात मोबाइलमध्ये मान घालून बसणारी चाळीतली पोरं फैलावर घेतली. “खाली काय बघता? वर बघा. सत्तेचाळीस नंबर दिसला की फोटो काढून मला पाठवा.”

पोरं खरंच कामाला लागली. आठवड्याभरात त्यांना तांबट पक्षी ओळखता येऊ लागला, बुलबुलाचं घरटं सापडलं, आणि पुढचं शिबिर कधी, म्हणून ती अनुजाच्या मागे लागली. दोन वर्षं पत्रकं वाटून अनुजाला जे जमलं नव्हतं, ते पप्पांच्या रागाने जमलं. रामदासांना मात्र याचाही राग आला. इथे बाबांच्या अब्रूचा प्रश्न, आणि पोरं मजा करतात!

रविवारी जाळं लागलं. सत्तेचाळीस नंबर फिरकला नाही. पण दोरी धरून बसलेल्या रामदासांना इतर कावळ्यांनी नीट हेरून ठेवलं आणि दिसतील तिथे डोक्यावर टोची मारायला सुरुवात केली. त्यानंतर ते दूध आणायलाही छत्री उघडून जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी शेजारचा ध्रुव धावत आला. त्याच्या फोटोत सत्तेचाळीस नंबर मासळी बाजारात बसला होता, चोचीत अख्खा बोंबील.

रामदासांनी फोटो बराच वेळ पाहिला. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

“बाबा माळकरी. अंड्याचा वास आला तरी पानावरून उठायचे. हे ते नव्हेतच. राहू दे ते कडं.”

दाराशी बसलेल्या त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, फोन मागून घेतला. आधी लांब धरला, मग जवळ.

“तेच ते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पगाराच्या दिवशी खानावळीत बसान गुपचूप बोंबील खायत. माका कधी सांगल्यानी नाय. पण हाताक वास येय.”



लक्ष्मीबाईंनी फोन ध्रुवपुढे धरला. “जरा मोठो कर रे. बारीक झाले की काय, बघूंदे.”