दहा हजारांच्या आतली गाडी

वेंडेल क्रूगरने गाडीवरची मऊ चादर काढली, खिडकीतून आत वाकून मीटर पाहिला आणि समाधानाने मान हलवली. नऊ हजार नऊशे शहाण्णव मैल, वर आठ दशांश. सकाळी पाहिलं तेव्हाही तेवढेच होते. गॅरेजात उभी गाडी तेवढ्या वेळात कुठे जाणार म्हणा! पण दिवसातून दोनदा खात्री करून घेतल्याशिवाय वेंडेलला जेवण जात नसे.

गाडी एकोणीसशे एकोणसत्तरची जीटीओ. गर्द हिरवी, आठ सिलिंडरची. इंजिन सुरू झालं की शेजारच्या कुरणातल्या गाई चरायच्या थांबत. पण सुरू करतंय कोण? बाविसाव्या वर्षी वेंडेलने ती कोरी करकरीत घेतली, दोन वर्षं चालवली, आणि मग चालवली की गाडी जुनी होते हा साक्षात्कार त्याला झाला. तेव्हापासून ती गॅरेजात, आणि तो तिच्याभोवती फडकं घेऊन. लग्न झाल्यापासून बायको, आर्डिथ, त्या गाडीत बसली असेल ती चार वेळा. दोन्ही बाळंतपणांना ती इस्पितळात गेली पिकअपमधून, बियाण्याच्या पोत्यांना रेलून. "इस्पितळ बावीस मैल लांब," वेंडेल आजही सगळ्यांना पटवून सांगे, "जाऊन येऊन चव्वेचाळीस होतात!"

या आर्डिथला समुद्र बघायचा होता. जन्म नेब्रास्कातला, जिकडे बघावं तिकडे मका. लग्नाच्या दिवशी वेंडेलने तिला ओरेगॉनचा किनारा दाखवायचं कबूल केलं होतं. पुढे आधी पिकं आली, मग पोरं आली, मग दोघांच्या गुडघ्यांनी डोकं वर काढलं. सत्तरावा वाढदिवस झाला त्या दिवशी तिने केक कापता कापता सांगून टाकलं, "वेंडेल, या वर्षी मला समुद्र बघायचाय. पैसे नाहीत म्हणतोस ना? मग ती गाडी वीक. पुढच्या वर्षी माझे गुडघे मला विचारून चालणार नाहीत."

वेंडेल तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने जाहिरात दिली.

गिऱ्हाईक मिळालं डॅलसचं. डॉक्टर रँडल पिकेट, दातांचे डॉक्टर. हौस एकच, जुन्या दणकट गाड्या जमवायच्या. पण अट अशी, की मीटरवर दहा हजार मैलांच्या आत हव्यात. "चारच आकडे, क्रूगरसाहेब," फोनवर ते म्हणाले, "पाचवा आकडा लागला की माझ्या दृष्टीनं ती टॅक्सी." वेंडेलला हा माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. शनिवारी डॉक्टर स्वतः बंदिस्त ट्रेलर घेऊन यायचे ठरले. नंतरचे दोन-तीन फोन आर्डिथनेच घेतले, कारण वेंडेलचा आवाज भरून येत होता.

शुक्रवारी संध्याकाळी कळलं, की वेंडेलच्या घराकडे येणारा लाकडी पूल मोठ्या ट्रक-ट्रेलरना बंद केलाय. ट्रेलर येणार हायवेवरच्या पेट्रोल पंपापर्यंतच. पंप घरापासून चार मैल. आणि दहा हजारांना बाकी किती? तीन मैल, दोन दशांश. आता बोला!

"ढकलत नेऊ," शेजारचा गस म्हणाला.

"अरे गाढवा, चाकं फिरली की मीटर फिरणारच! त्याला काय कळतंय ढकलतायत का चालवतायत?"

"मग टोईंगवाल्याला बोलाव की."

तालुक्यात टोईंगची गाडी एकच, आणि तिच्या मालकाने फोनवर साफ सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत गाडी मोकळी नाही. का, ते वेंडेलने विचारलं नाही. तिथेच चुकलं.

शेवटी शनिवारी सकाळी गसच्या वैरणीच्या लाकडी गाड्यावर फळ्या लावून, चार माणसांनी दोर ओढून, हिरवी जीटीओ वर चढवली. ब्रेकवर पाय ठेवायला वेंडेल आत बसला. पुढे गसचा ट्रॅक्टर, मागून पिकअपमध्ये आर्डिथ, शेजारच्या सीटवर डॉक्टरांसाठी ओव्हनमध्ये भाजलेला सफरचंदाचा गोड पाय. ताशी सहा मैलांच्या वेगाने वरात निघाली. पूल ओलांडून गावाच्या मुख्य रस्त्याच्या तोंडाशी आली आणि तिथे आडवी आली मॅक्सीन, अग्निशमन दलाची मुख्य, नारिंगी जाकीट आणि गळ्यात शिट्टी.

"गस! ही काय वेळ झाली यायची? चौदावा नंबर मोकळा पडलाय, घाल आत!"

"अगं मॅक्सीन, आम्ही परेडला नाही—"

"मागे अख्खा शाळेचा बँड खोळंबलाय! चल, हो पुढे!"

गावचा मक्याचा उत्सव आज होता. गसने कधी कुठल्या बाईचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. त्याने ट्रॅक्टर आत घातला. पुढे पाहतात तो भोपळ्याचा वेश करून टोईंगची गाडी चाललेली. मागून बँड सुरू झाला. आणि आर्डिथची पिकअप मॅक्सीनने बाजूच्या गल्लीत वळवली.

दोन्ही फुटपाथांवर खुर्च्या टाकून गाव बसलेलं. लोक टाळ्या पिटायला लागले, तसा वेंडेलने नाइलाजाने हात हलवला. परेडमधल्या प्रत्येकाने गोळ्या उधळायच्या अशी गावची रीत, पोरं गाड्याबरोबर धावत ओरडायला लागली, "आजोबा, गोळ्या! गोळ्या!" वेंडेलच्या खिशात खोकल्याच्या होत्या. त्याने त्याच उधळल्या. एका मुलीने तोंडात टाकली आणि जी थुंकली ती थेट हिरव्या दारावर.

"आणि हे आपले वेंडेल क्रूगर!" कर्ण्यातून घोषणा झाली. "काय गाडी आहे मंडळी! सेहेचाळीस वर्षं ही आपल्याच गावात होती म्हणे, कुणी पाहिलीय का?"

परीक्षकांनी तिसरं बक्षीस दिलं. एक बाई गाडीच्या छताला फीत लावायला टाचणी घेऊन आली, तेव्हा वेंडेल असा किंचाळला की बँड थांबला.

दीड तास उशिराने वरात पंपावर पोहोचली. आर्डिथ केव्हाच पोहोचली होती आणि डॉक्टर दुसरा पाय... म्हणजे पायचा दुसरा तुकडा खात होते. गाडी फळ्यांवरून अलगद उतरवली. मीटर जिथल्या तिथे. डॉक्टरांनी खिशातून चक्क दातांचा छोटा आरसा काढला आणि गाडीचा कोपरा न् कोपरा तपासला. दारावरचा थुंकीचा डाग त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला. वेंडेलचे डोळे पाणावले.

"अप्रतिम," डॉक्टर म्हणाले. "साठ हजार ठरले ते ठरले. एकदा चालवून बघतो, की मग सह्या."

वेंडेलने एकदा मीटरकडे पाहिलं. "चालवून? म्हणजे... फार लांब नाही ना? तीन मैल आहेत बघा आपल्याकडे."

"अरे, जाऊ दे की त्यांना," आर्डिथ हसत म्हणाली. "डॉक्टर, डावीकडे वळा आणि नदीकाठचा फेरा मारून या. रस्ता गुळगुळीत, आणि अगदी इथंच निघतो परत."

डॉक्टर बसले. इंजिन गरजलं. पंपावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. हिरवी गाडी डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली, आणि वेंडेल तिथेच कठड्यावर बसला.

बारा मिनिटांनी डॉक्टर परतले. केस विस्कटलेले, चेहरा पंचवीस वर्षांच्या पोरासारखा. "काय ओढते हो! वळणावर तर मी ओरडलोच! असं काही मी उभ्या आयुष्यात—" आणि त्यांची नजर मीटरवर गेली. दहा हजार तीन. वर सहा दशांश.

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले.

"सॉरी, क्रूगरसाहेब. नियम म्हणजे नियम."

"अहो, पण तुम्हीच चालवलीत ना!"

"हो. पण कुणी चालवली ते मीटरवर दिसत नाही." डॉक्टरांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी किल्ली वेंडेलच्या हातात ठेवली, उरलेला पाय बरोबर मागून घेतला आणि रिकामा ट्रेलर घेऊन डॅलसचा रस्ता धरला.

वेंडेल मीटरकडे बघत बसला होता. कुणी गेल्यावर बसतात तसा. "आर्डिथ," तो म्हणाला, "नदीचा फेरा जवळजवळ सात मैलांचा आहे."

"सहा पूर्णांक आठ."

"तुला माहीत होतं?"

"डॉक्टर चालवून बघणार, ते फोनवरच म्हणाले होते. मी काल रात्री पिकअपनं मोजून आले."

वेंडेलचं तोंड उघडंच राहिलं. "पण वीक म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस! समुद्र तुलाच बघायचा होता!"

"बघायचाच आहे. पण गाडी विकली असतीस तर तू विमानाची तिकिटं काढली असतीस. मला विमानात मळमळतं." तिने पायची रिकामी बशी पिशवीत टाकली. "आणि गाडी न विकता तू ती बाहेर काढली नसतीस. आता पाचवा आकडा लागलाय. आता ती नुसती गाडी आहे."

वेंडेल रागावला. खरंच रागावला, रविवारभर त्याने तिच्याशी अबोला धरला. पण अबोला धरूनही त्याने टायरमधली हवा तपासली, तेल बदललं आणि नकाशा काढून टेबलावर पसरला.

सोमवारी सकाळी ते पश्चिमेला निघाले. पहिले दोनशे मैल वेंडेल ताशी पन्नासच्या वर गेला नाही आणि शब्दही बोलला नाही. ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते, एक शाळेची बसदेखील पुढे गेली. वायोमिंगची हद्द लागली, रस्ता सरळ झाला, समोर चिटपाखरू नव्हतं. वेंडेलने एकदा आरशात पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"आर्डिथ," तो म्हणाला, "जरा दामटू का?"